फिरत्या घराचा पत्ता: साउथ डकोटा, टेक्सस की फ्लोरिडा?

अमेरिकेतले राहते घर विकून बारा महिने आरव्हीत (राहण्याची सोय असलेल्या मोटारीत) राहण्याचा विचार करणारी जोडपी गाडीची लांबी, तिचे इंजिन आणि सौर पॅनेल यांवर महिनोन्‌महिने खल करतात. कायद्याच्या लेखी आपण कोणत्या राज्याचे रहिवासी राहणार, हा प्रश्न मात्र बहुतेकदा घराचा ताबा देण्याच्या आठवड्यात उभा राहतो. वाहन परवाना, गाडीची नोंदणी, मतदान, राज्याचा आयकर आणि आरोग्यविमा या सर्व गोष्टी एखाद्या राज्याशी, आणि विम्याच्या बाबतीत तर एखाद्या काउंटीशी (जिल्ह्याशी), बांधलेल्या असतात. कोणत्याच राज्याचे रहिवासी नसण्याची सोय तेथे नाही.

अशा प्रवाशांमध्ये साउथ डकोटा, टेक्सस आणि फ्लोरिडा ही तीन राज्ये प्रामुख्याने निवडली जातात. तिन्ही राज्ये पगारावर किंवा निवृत्तिवेतनावर आयकर घेत नाहीत, आणि तिन्ही ठिकाणी टपाल स्वीकारून ते आपण असू तेथे पाठवणाऱ्या संस्था वर्षानुवर्षे काम करत आहेत. एस्केपीज या आरव्हीधारकांच्या क्लबचे मुख्यालय टेक्ससमधल्या लिव्हिंग्स्टन या गावी आहे. साउथ डकोटात बॉक्स एल्डर आणि सू फॉल्स, तर फ्लोरिडात क्ले काउंटीतले ग्रीन कोव्ह स्प्रिंग्स ही गावे अशा पत्त्यांसाठी ओळखली जातात. आयकराच्या दृष्टीने तिन्ही सारखीच असल्याने निवड आरोग्यविम्यावरून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. विम्याचे गणित वयाच्या पासष्टाव्या वर्षी, मेडिकेअर हा ज्येष्ठांचा सरकारी विमा मिळू लागला की, पूर्णपणे उलटते, त्यामुळे एकच उत्तर सर्वांना लागू पडत नाही.

रहिवास मिळवण्याच्या सुलभतेत साउथ डकोटा सर्वांत पुढे आहे. तेथील हॉटेलात किंवा कॅम्पग्राउंडमध्ये गेल्या वर्षभरात एक रात्र राहिल्याची पावती, टपालसेवेच्या पत्त्याचा पुरावा आणि एक प्रतिज्ञापत्र एवढ्यावर पाच वर्षांचा वाहन परवाना मिळतो. महाराष्ट्रात अधिवास प्रमाणपत्रासाठी पंधरा वर्षांच्या वास्तव्याचे पुरावे गोळा करून सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाला हे खरे वाटणार नाही. गाडी खरेदीवर ४ टक्के कर लागतो आणि नोंदणीसाठी गाडीची तपासणी करून घ्यावी लागत नाही. मतदानाच्या बाबतीत मात्र या राज्याने हात आखडता घेतला असून, २०२३ पासून मतदार नोंदणीसाठी तीस दिवसांच्या वास्तव्याची अट आहे. ज्यांना मतदान महत्त्वाचे वाटते त्यांनी ही बाब किरकोळ समजू नये.

टेक्ससमध्ये परवाना आठ वर्षांचा असतो. दुसऱ्या राज्याचा वैध परवाना जमा केला तर तीस दिवसांच्या वास्तव्याची अट माफ होते. आधीपासून मालकीची असलेली गाडी आणणाऱ्या नव्या रहिवाशाकडून ९० डॉलर कर घेतला जातो. नव्या खरेदीवर तो ६.२५ टक्के आहे. खासगी गाड्यांची वार्षिक सुरक्षा तपासणी १ जानेवारी २०२५ पासून बंद झाली, ही आरव्हीधारकांसाठी मोठीच सुटका होती, कारण पूर्वी त्यासाठी गाडी राज्यात परत आणावी लागे. तथापि २६,००० पौंडांहून जड मोटरहोम चालवायचे असल्यास तेथे वरच्या वर्गाचा खासगी परवाना लागतो आणि त्याची वेगळी परीक्षा असते. साउथ डकोटा आणि फ्लोरिडा ही अट घालत नाहीत. व्यावसायिक टपालपेटीच्या पत्त्यावर मतदार नोंदणी करणाऱ्यांसाठी टेक्ससनेही २०२१ च्या कायद्याने नियम कडक केले आहेत.

फ्लोरिडातील कागदपत्रे सर्वांत भारदस्त आहेत. तेथे काउंटीच्या क्लार्ककडे अधिवासाची घोषणा रीतसर नोंदवता येते, आणि जुने राज्य पुढे कराची मागणी करू लागले तर हा नोंदवलेला दस्त उपयोगी पडतो. गाडीचा विमा मात्र तुलनेने महाग पडतो, आणि खरेदीवरचा ६ टक्के कर व त्यावरचा काउंटीचा अधिभार वेगळा.

आता विम्याकडे वळू. पासष्टीच्या आतल्या आणि नोकरी सोडलेल्या माणसाला बहुधा ओबामाकेअर या आरोग्यविमा कायद्याखालच्या विमाबाजारातूनच पॉलिसी घ्यावी लागते. तिचा हप्ता वय आणि काउंटी यांवर ठरतो. चौसष्ट वर्षांच्या माणसाचा हप्ता एकवीस वर्षांच्या तरुणाच्या तिपटीपर्यंत असू शकतो. आरव्हीधारकाची अडचण हप्त्यापेक्षा नेटवर्कची, म्हणजे योजनेशी करार असलेल्या डॉक्टर-रुग्णालयांची, आहे. साउथ डकोटात बाजारातल्या अवेरा आणि सॅनफोर्ड या योजना त्याच भागातल्या रुग्णालय समूहांच्या आहेत. अ‍ॅरिझोनात हिवाळा काढणाऱ्या माणसाला मधुमेहाच्या नियमित तपासणीसाठी त्यांचा फारसा उपयोग नाही. टेक्ससमध्ये ब्लू क्रॉस ब्लू शील्डने २०१६ पासून वैयक्तिक ग्राहकांसाठीच्या पीपीओ (नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरांचाही काही खर्च देणाऱ्या) योजना बंद केल्या, आणि तेव्हापासून तेथील बाजार एचएमओसारख्या स्थानिक नेटवर्कच्या योजनांवर चालतो. फ्लोरिडा येथे वेगळे ठरते. फ्लोरिडा ब्लू या कंपनीच्या काही वैयक्तिक योजनांना ब्लूकार्ड व्यवस्थेमार्फत इतर राज्यांतल्या ब्लू क्रॉसच्या डॉक्टरांचे नेटवर्क मिळते. ‘काही’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे, कारण त्याच कंपनीची मायब्लू ही योजना एचएमओ आहे आणि स्वस्त हप्त्याला भुलून तीच घेतली तर फ्लोरिडाचा पत्ता घेण्याचे कारणच उरत नाही. दर वर्षी योजनांची रचना बदलत असल्याने, नोंदणीपूर्वी संबंधित काउंटीतील त्या योजनेच्या लाभपत्रकात राज्याबाहेरच्या नियमित उपचारांविषयी काय लिहिले आहे, ते स्वतः वाचावे.

‘आणीबाणीत तर कुठेही चालते ना?’ असा प्रश्न हमखास विचारला जातो. चालते, हे खरे. ओबामाकेअरच्या योजनांना नेटवर्कबाहेरच्या रुग्णालयातही आणीबाणीचे उपचार द्यावेच लागतात, आणि १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नो सर्प्रायझेस कायद्यामुळे अशा रुग्णालयाला वरची रक्कम रुग्णाकडून वसूल करता येत नाही. परंतु रस्त्यावरून नेणारी रुग्णवाहिका या कायद्याच्या कक्षेत नाही, आणि नंतरचे नियमित उपचारही आणीबाणीत मोडत नाहीत. हृदयविकाराचा झटका येणे ही आणीबाणी आहे. त्यानंतर हृदयरोगतज्ज्ञाकडे वर्षभर घालावे लागणारे हेलपाटे ही आणीबाणी नाही. शिवाय व्हिडिओवरून सल्ला देणाऱ्या डॉक्टरकडे, रुग्ण त्या दिवशी ज्या राज्यात असेल तेथला परवाना सहसा असावा लागतो, त्यामुळे जुना डॉक्टर फोनवर सांभाळून घेईल हा भरवसाही अपुरा ठरतो.

हप्त्यावरच्या सरकारी अनुदानाच्या बाबतीत उत्पन्नाचे वरचा आणि खालचा असे दोन कडे आहेत आणि दोन्हींकडे लक्ष ठेवावे लागते. हप्त्यांवरील वाढीव सवलत २०२५ अखेर संपल्याने, दारिद्र्यरेषेच्या चौपटीहून अधिक उत्पन्न असलेल्यांना २०२६ मध्ये काहीच सवलत मिळत नाही. दोघांच्या कुटुंबासाठी ही मर्यादा ८४,६०० डॉलर आहे. खालचा कडा कमी लोकांना ठाऊक असतो. बचतीवर जगणाऱ्या जोडप्याचे अनुदानासाठी मोजले जाणारे उत्पन्न २१,१५० डॉलरच्या, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या, खाली गेले, तर टेक्सस आणि फ्लोरिडात त्यांना ना अनुदान मिळते ना मेडिकेड (अल्प उत्पन्नवाल्यांचा सरकारी विमा), कारण या दोन राज्यांनी मेडिकेडचा विस्तार स्वीकारलेला नाही. साउथ डकोटाने २०२२ च्या सार्वमतानंतर तो जुलै २०२३ पासून लागू केला. परंतु त्या राज्याचे मेडिकेड बाहेरच्या राज्यात आणीबाणीपलीकडे फारसे कामाचे नाही, म्हणून फिरत्या माणसाला ते मिळूनही न मिळाल्यासारखेच. उत्पन्न फारच कमी दिसत असेल, तर निवृत्तिखात्यातली काही रक्कम रॉथ खात्यात (आधीच कर भरून ठेवण्याच्या निवृत्तिखात्यात) वळवून ते त्या रेषेच्या वर आणणे हा सरळ मार्ग आहे. वळवलेली रक्कम उत्पन्नात धरली जाते.

साठीच्या पुढे नोकरी सोडणाऱ्यांनी या सगळ्याआधी कोब्रा तपासावी. नोकरीतला गटविमा स्वतःच्या खर्चाने अठरा महिने पुढे चालवता येतो आणि त्यासाठी जास्तीत जास्त पूर्ण हप्त्याच्या १०२ टक्के रक्कम भरावी लागते. रक्कम ऐकून छातीत धस्स होते. परंतु मोठ्या कंपन्यांचा पीपीओ देशभर चालत असल्याने, साडेत्रेसष्टाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्याला तो थेट मेडिकेअरपर्यंत पोहोचवतो आणि मधल्या काळात राज्य कोणते घ्यावे याचे बंधन राहत नाही. मात्र कोब्रा चालू असली तरी पासष्टाव्या वर्षी मेडिकेअरचा भाग बी (डॉक्टरांच्या खर्चाचा) वेळेवर घ्यायलाच हवा, नाहीतर दंडाचा वाढीव हप्ता मागे लागतो.

पासष्टीनंतर चित्र बदलते. मूळ मेडिकेअर, म्हणजे भाग ए (रुग्णालयाच्या खर्चाचा) आणि बी, देशातल्या ती स्वीकारणाऱ्या कोणत्याही डॉक्टरकडे चालते. त्याच्या जोडीला मेडिगॅप, म्हणजे मेडिकेअर देत नाही तो वाटा भरणारी खासगी पॉलिसी, असली, तर फिरत्या माणसासाठी याहून चांगली सोय नाही. मेडिकेअर अ‍ॅडव्हान्टेज ही मूळ मेडिकेअरऐवजी खासगी कंपनीमार्फत मिळणारी योजना मात्र पुन्हा नेटवर्कच्या खुंट्याला बांधते, आणि योजनेच्या सेवाक्षेत्राबाहेर सलग सहा महिन्यांहून अधिक काळ राहिल्यास सामान्यतः नाव कमी केले जाते. दातांच्या आणि चष्म्याच्या जोड-सवलतींसाठी आरव्हीधारकाने ती घेऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन. फ्लोरिडाच्या ज्या नेटवर्कसाठी आधी धावायचे, त्याची गरज येथे उरत नाही. उलट तेथील मेडिगॅपचे हप्ते देशातल्या महागड्या राज्यांत मोडतात. म्हणून दोघेही पासष्टीपुढचे असतील तर साउथ डकोटा अधिक सोयीचे, आणि हलकी गाडी असणाऱ्यांना टेक्ससही तेवढेच चालण्याजोगे.

मेडिगॅपची वेळ चुकवू नये. पासष्टी पूर्ण होऊन भाग बी सुरू झाल्यापासून सहा महिने कोणतीही कंपनी आजारपणाचे कारण सांगून ती नाकारू शकत नाही. त्यानंतर बहुतेक राज्यांत प्रकृतीची चौकशी होते, आणि आपल्याकडे मधुमेह व हृदयविकार घरोघरी असल्याने हा धोका पुस्तकी नाही. न्यूयॉर्क आणि कनेटिकट येथे मात्र केव्हाही मेडिगॅप मिळते. तेथे राहणाऱ्या आणि आजवर अ‍ॅडव्हान्टेजवर असलेल्या माणसाने, अ‍ॅडव्हान्टेज सोडण्याचा हंगाम साधून, राज्य सोडण्याआधी मेडिगॅप घ्यावी. ती पुढे दुसऱ्या राज्यातही चालू ठेवता येते. हिवाळ्यात पुण्याला किंवा सांगलीला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट: भारतात मेडिकेअर चालत नाही, परंतु मेडिगॅपच्या प्लॅन जी या प्रकारात परदेशवारीच्या पहिल्या साठ दिवसांतल्या आणीबाणीच्या खर्चाचा ८० टक्के भाग २५० डॉलरनंतर भरून मिळतो, तोही आयुष्यभरात ५०,००० डॉलरपर्यंतच. तीन महिन्यांच्या मुक्कामासाठी वेगळा प्रवासविमा लागतोच.

पुष्कळ मराठी जोडप्यांत वयाचे चार-पाच वर्षांचे अंतर असते, आणि तेथे निर्णय धाकट्या जोडीदाराच्या विम्यावरून व्हायला हवा. थोरल्याला मेडिकेअर मिळाली म्हणून साउथ डकोटाचा पत्ता घेतला आणि धाकट्याला अवेराच्या नेटवर्कवर सोडले, तर दोघांचीही चाके सू फॉल्सभोवतीच फिरतील. अशा वेळी धाकट्याची पासष्टी होईपर्यंत फ्लोरिडा आणि नंतर हवे तर बदल, हा क्रम बरा. राज्य बदलल्यावर नवी पॉलिसी घेण्यासाठी साठ दिवसांची मुदत मिळते, परंतु त्यासाठी बदलापूर्वीच्या साठ दिवसांत किमान एक दिवस तरी विमा असावा लागतो. मधे विम्याविना राहिलेल्यांना ती मुदत सहसा मिळत नाही.

नागरिकत्व न मिळालेल्यांनी एक पायरी अधिक चढायची आहे. ग्रीन कार्डधारकाने पत्ता बदलल्यावर दहा दिवसांच्या आत स्थलांतर खात्याला कळवायचे असते. नागरिकत्वाच्या अर्जापूर्वी संबंधित राज्यात किंवा जिल्ह्यात तीन महिन्यांचे वास्तव्य लागते, आणि केवळ टपालपेटीच्या जोरावर ते दाखवता येईल असे गृहीत धरू नये. अर्ज जवळ आला असेल तर आधी शपथ घ्यावी आणि मग घर विकावे. एच-१बी व्हिसावर असलेल्यांसाठी तर हा बेतच योग्य नाही, कारण कामाचे ठिकाण दुसऱ्या महानगरक्षेत्रात गेले की मालकाला सुधारित अर्ज करावा लागतो. मुलांनी ग्रीन कार्डवर बोलावलेल्या आईवडिलांच्या नावावर कामाच्या चाळीस तिमाह्या (अमेरिकेत कर भरून केलेली सुमारे दहा वर्षांची नोकरी) नसतील, तर पासष्टीनंतरही पाच वर्षांच्या सलग वास्तव्याआधी पैसे भरून मेडिकेअर घेता येत नाही.

नवे राज्य धरण्याइतकेच जुने राज्य सोडणे महत्त्वाचे असते, आणि न्यू जर्सी व न्यूयॉर्क सहजासहजी सोडत नाहीत. तेथील कायद्यात जुना अधिवास, नवा सिद्ध होईपर्यंत, तसाच राहतो. न्यू जर्सीचा अधिवास असलेल्याला करापुरते अनिवासी ठरायचे, तर राज्यात कायमचे घर नसणे, राज्याबाहेर कायमचे घर असणे आणि वर्षातले तीस दिवसांहून अधिक तेथे न घालवणे या तिन्ही अटी पाळाव्या लागतात. आरव्हीधारकाकडे दुसरी गोष्टच नसते, म्हणून ही सवलत त्याच्या कामाची नाही. त्याला अधिवासच बदलावा लागतो. एडिसनला मुलीच्या घरी दरवर्षी चार महिने मुक्काम, दंतवैद्य तिथलाच, बँकेचा लॉकर तिथेच आणि परवाना तेवढा फ्लोरिडाचा, अशी मांडणी चौकशीत टिकणे कठीण. परवाना, नोंदणी, मतदान, मृत्युपत्र आणि डॉक्टर हे सर्व एकाच मोसमात नव्या राज्यात न्यावे, आणि जुन्या राज्यात त्या वर्षाचे काही काळापुरत्या रहिवाशाचे कर-विवरणपत्र भरावे. बँकेत टपालसेवेचा पत्ता राहता पत्ता म्हणून नाकारला जातो, तेव्हा खाती उघडण्याचे आणि बदलण्याचे काम घराच्या किल्ल्या हातात असतानाच उरकलेले बरे.