थ्री-पार्ट सेल काउंटर: दोन वर्षं वापरल्यावर

आमच्या लॅबमधलं हे रक्तपेशी मोजणारं मशिन; पांढऱ्या पेशींचे तीनच गट करतं म्हणून थ्री-पार्ट. कंपनीचं नाव लिहीत नाही, या वर्गातली बरीच मशिन्स अशीच वागतात. हिमोग्लोबिन आणि एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) यांबद्दल एरवी माझी काही तक्रार नाही. सकाळी कंट्रोल (आकडे आधीच माहीत असलेला नमुना) लावला की दिवसभर दोन्ही जागच्या जागी.

गोची मोजण्याच्या पद्धतीत आहे. बारीक छिद्रातून पेशी जाताना विजेला अडथळा होतो, त्यावरून मशिन ती मोजतं आणि तिचा आकारही ठरवतं. चार पेशी चिकटून गेल्या तर त्याच्या लेखी ती एकच थोराड पेशी. एकदा सॅम्पल आलं: हिमोग्लोबिन ११.२, आरबीसी (तांबड्या पेशी) १९ लाख, एमसीव्ही ११८, हिमॅटोक्रिट (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) २२.४, एमसीएचसी (तांबड्या पेशींमधलं हिमोग्लोबिनचं प्रमाण) ५०. पन्नास! तांबड्या पेशीत एवढं हिमोग्लोबिन मावतच नाही. हिमोग्लोबिनची तिप्पट म्हणजे साधारण हिमॅटोक्रिट, हा हिशेब आमच्या बोटांवर असतो. इथे ३३ च्या आसपास हवं होतं. ट्यूब तिरकी केली तर आत रवाळ थर. ३७ अंशांवर अर्धा तास ठेवली आणि गरम असतानाच पुन्हा लावली. आरबीसी ३७ लाख, एमसीव्ही ९०, एमसीएचसी ३३.६. गारव्याने चिकटलेल्या पेशी सुट्या झाल्या, एवढंच. हिमोग्लोबिन मात्र दोन्ही वेळा ११.२, कारण ते पेशी फोडूनच मोजतात.

प्लेटलेट्सचंही तसंच. आकडा ३८ हजार, पण पेशंटच्या अंगावर साधा काळानिळा डाग नाही. काचपट्टीवर रक्त पसरून स्लाइड केली, तर पातळ शेपटाकडे प्लेटलेट्सचे पुंजकेच पुंजके. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमधलं, रक्त गोठू न देणारं ईडीटीए काहींच्या प्लेटलेट्सना मानवत नाही, त्या एकमेकींना चिकटतात. सायट्रेटमध्ये (तेही रक्त गोठू देत नाही) नवं सॅम्पल घेतलं, आलेल्या आकड्याला १.१ ने गुणलं (सायट्रेटने रक्त थोडं पातळ होतं ना), दोन लाखांच्या वर गेला.

डिफरन्शियल, म्हणजे पांढऱ्या पेशींची प्रकारवार मोजणी, कामचलाऊ. इओसिनोफिल मोनोसाइटबरोबर 'मिड'च्या गठ्ठ्यात जातात. ॲलर्जीच्या पेशंटमध्ये इओसिनोफिलच बघायचे असतात, मग त्याला याचा काय उपयोग? स्लाइडच बघावी लागते.

माझा खरा राग वेगळाच. शंका आली की मशिन स्क्रीनवर आकड्याशेजारी इमानदारीत खूण करतं. पण रिपोर्टच्या सॉफ्टवेअरमध्ये आकडा जातो, खूण जात नाही. विक्रेत्याला दोनदा सांगून झालं, दोन्ही वेळा 'पुढच्या अपडेटमध्ये होईल मॅडम'. तोवर खुणेचे सॅम्पल नंबर मी वहीत उतरवते आणि त्या स्लाइड्स बघितल्याशिवाय रिपोर्टवर सही होऊ देत नाही.