आठ महिने वापरल्यावर: गो शिकायचं पुस्तक चांगलं, पण टेबलावर उघडं राहत नाही

जानेवारीतल्या एका थंड सकाळी पान २१४ उघडलं आणि पाठीतला डिंक कट्कन तुटला. पुस्तकाचे सरळ दोन तुकडे. ऑनलाइन विक्रेत्याचं म्हणणं, बदलून द्यायची मुदत सात दिवस, तुम्ही पाचव्या महिन्यात आलात. फोटो पाठवून तीनदा तक्रार नोंदवली, तिन्ही वेळा ती 'निकाली' काढून बंद. पुस्तकाचं नाव लिहीत नाही. भारतीय पुनर्मुद्रण, ५६० पानं, आधी एखादी प्रोग्रॅमिंग भाषा येत असलेल्यांना गो ही भाषा शिकवणारं. या जाडीची बहुतेक पुस्तकं बाइंडिंगच्या बाबतीत एकाच माळेचे मणी आहेत, त्यामुळे नावाने फारसा फरक पडत नाही.

कोणी म्हणेल, प्रोग्रॅमिंगच्या पुस्तकात बाइंडिंग काय बघायचं? तर तेच आधी बघायचं. कादंबरी हातात धरून वाचता येते. इथे दोन्ही हात कीबोर्डवर असतात आणि पुस्तक शेजारी उघडं पडून राहायला हवं. हे पुस्तक पहिल्या दिवसापासून आपोआप मिटत होतं. वर मोबाइल ठेवा, डबा ठेवा, शेवटी माणूस पाठ दाबून सपाट करतो आणि तिथेच ते मरतं. फर्मे, म्हणजे घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे, शिवलेले नाहीत, सुटी पानं कापून गरम डिंकात बसवलेली. हा डिंक थंडीत कडक आणि ठिसूळ होतो, आणि नाशिकची जानेवारीतली सकाळ त्याला पुरेशी आहे. शेजारच्या निफाडकडची थंडी तर विचारायलाच नको.

दुकानात ओळखायचं कसं: पुस्तक उभं धरून पाठीकडे वरून बघा. घड्या घातलेले छोटे गठ्ठे दिसले तर शिलाई, नुसत्या पानांची सपाट कड दिसली तर डिंक. मग मधोमध उघडून हात काढा. मिटलं तर परत ठेवा, किंवा स्पायरलचा खर्च धरूनच किंमत मोजा. नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरच्या दुकानांत निदान हातात घेऊन बघता येतं, ऑनलाइन ते नाही.

तुटलेल्या पुस्तकाचं स्पायरल केलं. कॉलेज रोडवरच्या एका झेरॉक्सवाल्याकडे दोन भागांचे मिळून १६० रुपये. ५६० पानं म्हणजे २८० कागद. एवढा गठ्ठा एकाच स्पायरलमध्ये घातला तर पानं उलटताना भोकं फाटतात, म्हणून १४०च्या आसपासचे दोन भाग आणि प्रत्येकाला १६ मिमीची कॉइल. कटिंग मशीनवर पाठ ४ मिमी कापली जाते, भोकांना आणखी ५-६ मिमी जातात. आतला समास १५ मिमीपेक्षा कमी असेल तर डाव्या पानावरच्या कोडच्या ओळींची शेपटं जातात, म्हणून कापायला देण्याआधी पट्टीने मोजा. या पुस्तकाचा १८ निघाला, वाचलो. भाग बरोब्बर अर्ध्यावर पाडू नका, प्रकरण संपतं तिथे पाडा. आणि शेवटची सूची दुसऱ्या भागात जाते. त्या ९ पानांची झेरॉक्स पहिल्या भागाच्या मागे लावून घ्या, नाहीतर एक शब्द शोधायला दोन्ही भाग उचलावे लागतात. हे माझ्या दुसऱ्या दिवशी लक्षात आलं, म्हणजे कॉलेज रोडला आणखी एक फेरी.

आता मजकूर. कव्हरवर 'सुधारित आवृत्ती' लिहिलंय, पण उदाहरणं गोच्या कुठल्या व्हर्जनवर चालवून पाहिली ते ५६० पानांत कुठेही नाही. गोची नवी व्हर्जन वर्षातून दोनदा येते, साधारण फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये, तेव्हा ही ओळ नसणं म्हणजे औषधाच्या बाटलीवर तारीख नसणं. ती नसेल तर वय आतून काढावं लागतं. जनरिक्स (एकच फंक्शन अनेक प्रकारच्या डेटावर चालवायची सोय) असतील तर पुस्तक १.१८ किंवा नंतरचं, म्हणजे मार्च २०२२ पुढचं. स्टँडर्ड लायब्ररीतलं (गोबरोबरच येणाऱ्या तयार कोडमधलं) स्लाइसेस पॅकेज असेल तर १.२१, ऑगस्ट २०२३ पुढचं. नुसत्या आकड्यावर रेंज फिरवणारा फॉर लूप असेल तर १.२२, फेब्रुवारी २०२४ पुढचं. या पुस्तकात जनरिक्स आहेत, बाकी दोन्ही नाहीत. आणि पहिलं प्रकरण अजून 'सगळा कोड गोपाथच्या एसआरसी फोल्डरमध्ये ठेवा' सांगतं! कोड कुठल्याही फोल्डरमध्ये ठेवू देणारी मॉड्यूल १.१६पासून डिफॉल्ट आहेत. ते प्रकरण सोडा. प्रत्येक प्रकरणाला वेगळं फोल्डर करा, आत 'गो मॉड इनिट' आणि पुढे काहीही नाव, मग 'गो रन .' बास.

लूप आणि क्लोजरच्या (बाहेरचं व्हेरिएबल धरून ठेवणाऱ्या फंक्शनच्या) प्रकरणाशी मात्र मी डिसेंबरभर भांडत होतो. तीन फेऱ्यांच्या लूपमध्ये लूपचा आकडा छापणारी तीन फंक्शन साठवायची आणि नंतर चालवायची. पुस्तक म्हणतं उत्तर ३ ३ ३, मशीन म्हणतं ० १ २. समासात 'चूक' असं लाल पेनने लिहून ठेवलं होतं. ते खोडावं लागलं. १.२२पासून लूपचं व्हेरिएबल प्रत्येक फेरीला नवं बनतं, आणि हा नियम लागू होतो की नाही ते 'गो मॉड इनिट'ने बनलेल्या गो.मॉड फाइलमधली 'गो' ही ओळ ठरवते. तिथे १.२१ लिहा, नवीन कंपायलरवरसुद्धा ३ ३ ३ येतं. म्हणजे लेखक त्याच्या काळात बरोबर होता. उलट जुना कोड सांभाळणाऱ्याला हा सापळा माहीत असायलाच हवा, त्यामुळे ते प्रकरण आता मला पुस्तकातलं सगळ्यात उपयोगी वाटतं.

स्लाइसच्या, म्हणजे वाढत जाणाऱ्या यादीच्या बाबतीत ही युक्ती चालत नाही. एकेक इंटिजर अपेंड करत (शेवटी जोडत) गेलं की पुस्तकात कपॅसिटी, म्हणजे राखून ठेवलेली जागा, ५१२वरून १०२४ होते, माझ्याकडे ८४८ येते. हे रनटाइमचं, म्हणजे प्रोग्रॅम चालतानाचं गणित आहे, १.१८मध्ये बदललं, गो.मॉडची ओळ बदलून परत येत नाही. आकडा विसरा, पॉइंटर, लांबी आणि कपॅसिटीची आकृती तेवढी नीट समजून घ्या. दोन स्लाइस एकाच ॲरेवर बसल्याने अपेंड दुसऱ्याचा डेटा कसा पुसतो, ते आकृतीत छान दाखवलंय.

स्ट्रिंगचं प्रकरण वरवरचं म्हणून उडवणार होतो, पण शेवटचा सराव प्रश्न थांबवतो: उलट करायचं फंक्शन तुमच्या लिपीत चालवा आणि काय मोडतं ते सांगा. 'नाशिक'ची लांबी १५ येते, कारण ५ रून (युनिकोडची चिन्हं; काना-वेलांटीही वेगळी मोजली जाते) आणि प्रत्येकी ३ बाइट. डोळ्यांना अक्षरं तीनच. बाइट उलटे केले तर कचरा. रून उलटे केले तर 'किशान'! काना आणि वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. 'पंचवटी' उलटली तर वेलांटी सगळ्यात पुढे लोंबकळते. 'त्र्यंबकेश्वर' म्हणजे १३ रून, ३९ बाइट, अक्षरं पाच. अक्षरांप्रमाणे तोडणारं काही स्टँडर्ड लायब्ररीत नाही, बाहेरचं पॅकेज लागतं. मराठी नावांच्या याद्या छापायला एका नावाचे पहिले १० रून कापणार असाल, तर हा प्रश्न आधी सोडवा. उत्तर पुस्तकात दिलेलं नाही, ते बरंच केलं.

वेब सर्व्हरच्या प्रकरणात बाहेरचा राउटर (आलेली विनंती योग्य फंक्शनकडे पाठवणारा) वापरलाय. १.२२पासून विनंतीची मेथड आणि पाथमधली किंमत गोचा स्वतःचा राउटर सर्व्हमक्सच ओळखतो, तेवढी ४० पानं चाळून सोडा. टेस्टिंगचं प्रकरण ठीक. सूचीत 'शॅडोइंग' (आतल्या व्हेरिएबलने त्याच नावाचं बाहेरचं झाकणं) आणि 'निल इंटरफेस' (रिकामी किंमत धरूनही रिकामा न ठरणारा इंटरफेस) हे दोन्ही नाहीत, म्हणजे लोक ज्यावर अडकतात तेच. त्यासाठी पानांच्या कडेला रंगीत चिकटपट्ट्या लावल्यात. पॅकेजची माहिती टर्मिनलवर 'गो डॉक' टाकून नेट नसतानाही मिळते.

काल विक्रेत्याचा मेसेज आला, खरेदीला तारे द्या. मजकुराला चार आणि बाइंडिंगला एक द्यायचा होता. तशी सोय नाही, म्हणून दोन दिले, आणि कारणात '१६० रुपये' एवढंच लिहिलं.