अक्षतांचा एकही दाणा न पुसता : व्हिडिओ छाटणाऱ्या लॉसलेसकटचे आठ महिने

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडतात तो क्षण ज्यांनी कधी शूट केलाय, त्यांना माझं म्हणणं लगेच पटेल. 'सत्यम सत्यम, दिड्डम दिड्डम' चा घोष होतो आणि हजारो हातांतून तांदूळ हवेत जातात. पांढऱ्या बाराबंद्या, सजलेले सात नंदीध्वज, म्हणजे भाविक पेलतात त्या उंच काठ्या, आणि सगळीकडे दाणेच दाणे, प्रत्येकाची दिशा वेगळी. व्हिडिओ कॉम्प्रेशनला, म्हणजे व्हिडिओ दाबून लहान करण्याला, यापेक्षा अवघड दृश्य मिळणं कठीण. कॉम्प्रेशनची सगळी बचत 'मागच्या फ्रेममधलं इथं फारसं बदललेलं नाही' यावर चालते, आणि इथं तर सगळंच बदलत असतं.

काही वर्षांपूर्वी आमच्या काकांनी शेवटच्या वेळी नंदीध्वज पेलला. ते फुटेज मी मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये ट्रिम केलं. मागची-पुढची गर्दी काढली, सेव्ह केलं आणि जागा नाही म्हणून मूळ फाइल उडवली. नंतर टीव्हीवर लावलं तेव्हा अक्षतांच्या जागी राखाडी धुरळा होता आणि काकांचा चेहरा मेणासारखा गुळगुळीत. ॲपनं फक्त कापलं नव्हतं, सगळा व्हिडिओ उलगडून कमी बिटरेटवर, म्हणजे सेकंदाला कमी डेटा ठेवून, पुन्हा दाबला होता. मूळ फाइल नव्हती, त्यामुळे उपायही नव्हता. ती हळहळ आजही गेलेली नाही.

म्हणून यंदाच्या जानेवारीत, गड्डा यात्रा संपल्या संपल्या लॉसलेसकट वापरायला घेतलं. मिकाएल फिनस्टॅड यांनी बनवलेला हा मुक्त प्रोग्रॅम आहे. आत काम करतं ते एफएफएमपेग हे व्हिडिओ हाताळणारं सॉफ्टवेअर, जे २००० साली फाब्रिस बेलार यांनी सुरू केलं आणि आज व्हिडिओच्या कितीतरी सॉफ्टवेअरच्या पोटात सापडेल. लॉसलेसकट व्हिडिओ उलगडतच नाही. कॅमेऱ्यानं लिहिलेला डेटा जसाच्या तसा उचलतं आणि नव्या फाइलमध्ये ठेवतं. चित्र बिघडायला वावच नाही.

वेगही त्यामुळेच. माझा कॅमेरा फोर-केला १०० एमबीपीएसनं (सेकंदाला १०० मेगाबिट) लिहितो, म्हणजे मिनिटाला साधारण ७५० एमबी, तासाला ४५ जीबी. एवढं फुटेज पुन्हा एन्कोड करायचं, म्हणजे उलगडून नव्यानं दाबायचं म्हटलं तर माझ्या जुन्या लॅपटॉपची रात्र जाते. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हाळ्यात ते यंत्र किती तापतं हे इथल्या माणसाला सांगायला नको. लॉसलेसकटला फाइल कॉपी करायला लागतो तेवढाच वेळ लागतो. पंख्याचा आवाजही वाढत नाही. चुलत बहिणीच्या लग्नाचं फुटेज मी भर मे महिन्यात दुपारी बसून छाटलं.

आता मुख्य गोष्ट, जी समजून घेतली नाही तर पहिल्याच दिवशी चिडचिड होईल. कट हवा तिथं लागत नाही. एच.२६४ किंवा एचईव्हीसी या व्हिडिओ दाबण्याच्या पद्धतींमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण चित्र नसते. अधूनमधून एक की-फ्रेम पूर्ण असते, मधल्या फ्रेम फक्त फरक साठवतात. फरकापासून व्हिडिओ सुरू करता येत नाही, कारण तो कशातला फरक हेच प्लेअरला माहीत नसतं. म्हणून तुम्ही जिथं खूण कराल, त्याच्या आधीच्या की-फ्रेमपासून तुकडा सुरू होतो. माझ्या मोबाइलच्या फुटेजमध्ये साधारण सेकंदाला एक की-फ्रेम येते, त्यामुळे फार तर सेकंदभर जास्तीचं येतं. पण संगणकावर एन्कोड झालेल्या फाइलमध्ये हे अंतर बरंच मोठं असू शकतं. एक्स२६४ या एन्कोडरची मूळ मर्यादा २५० फ्रेमची आहे, म्हणजे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर तब्बल १० सेकंद.

मला याचा त्रास होत नाही, कारण जास्तीचं येतं, कमी होत नाही. घोष सुरू व्हायच्या आधीचा एक श्वास राहिला तर बिघडलं काय? हा की-फ्रेम कट बंद करून 'नॉर्मल' कट निवडता येतो, पण मग काही प्लेअरमध्ये सुरुवातीला चित्र गोठलेलं किंवा काळं दिसतं. मी त्या वाटेला जात नाही. स्मार्ट कट नावाची सोयही आहे. तिच्यात फक्त पहिल्या की-फ्रेमपर्यंतचा तुकडा नव्यानं एन्कोड होतो, बाकी जसंच्या तसं. बनवणाऱ्यांनीच ती प्रायोगिक म्हटली आहे, तेव्हा वापरलीत तर जोडाची जागा डोळ्यांनी तपासा. गणपतीच्या मिरवणुकीत लेझीमच्या ठेक्यावर नेमकं सुरू व्हायला हवं होतं, तेव्हा मी लॉसलेसकटमध्ये सैल तुकडा काढला आणि शेवटची बारीक छाटणी एडिटरमध्ये, अंतिम एक्स्पोर्टच्या वेळी केली. एन्कोड व्हायचंच असेल तर एकदाच, शेवटी.

जोडणीची सोय मला छाटणीइतकीच आवडली. यात्रेतल्या यण्णीमज्जनाच्या (तैलाभिषेकाच्या) दिवशी ६८ लिंगांची प्रदक्षिणा, चालणं दिवसभर, आणि माझा कॅमेरा दर ४ जीबीला नवी फाइल सुरू करतो. ते तुकडे क्रमानं टाकून पुन्हा एन्कोड न करता एकत्र होतात. अट एकच, सगळ्यांचं कोडेक (दाबण्याची पद्धत), रिझोल्यूशन आणि बाकी सेटिंग सारखं हवं. मोबाइलची आणि कॅमेऱ्याची क्लिप एकमेकांना जोडायचा हट्ट धरू नका.

रोजचं काम कीबोर्डवर होतं. 'आय' दाबलं की सुरुवात, 'ओ' दाबलं की शेवट, 'ई' दाबलं की एक्स्पोर्ट. एचईव्हीसी फाइल कधी प्रीव्ह्यूमध्ये अडखळत किंवा धूसर दिसते. घाबरू नका, ती फक्त दाखवण्यापुरती सोय असते, बाहेर पडणारी फाइल मूळ दर्जाचीच असते. रंग सुधारणं, शीर्षक, गाणं यातलं काहीही इथं होत नाही. आणि तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप तो पुन्हा दाबतं आणि इथं वाचवलेलं सगळं तिथं वाया जाईल.

मूळ फाइल मात्र मी आता लगेच उडवत नाही. तुकडा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकदा टीव्हीवर बघतो, दुसऱ्या डिस्कवर ठेवतो, मग मूळ काढतो.

यंदा पुतण्यानं पहिल्यांदा नंदीध्वज पेलला आणि काका त्याच्या शेजारून चालत होते. ती ४० सेकंदांची क्लिप मी त्यांना पेन ड्राइव्हवर दिली. त्यांनी टीव्हीजवळ जाऊन थांबवून थांबवून बघितली. पुतण्याच्या खांद्यावर पडलेला तांदूळ त्यात दाणा दाणा मोजता येतो.