एफटीके इमेजर: फुकट आणि चोख, पण राइट ब्लॉकरशिवाय नको

जप्त हार्डडिस्कची कोर्टात टिकेल अशी प्रत काढायला दर वेळी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. एक्स्टेरोचं (पूर्वी ॲक्सेसडेटाचं) एफटीके इमेजर मोफत मिळतं आणि हे एक काम नीट करतं. इथे बोलतोय ते ४.७ आवृत्तीबद्दल.

मोठी उणीव आधी सांगतो. मूळ डिस्कवर काही लिहिलं जाऊ नये याची काळजी ते घेत नाही. डिस्क थेट विंडोजला जोडली, की एकही फाइल न उघडता तिच्यावर नोंदी होऊ शकतात. मध्ये हार्डवेअर राइट ब्लॉकर (डिस्क वाचू देणारं पण तिच्यावर लिहू न देणारं उपकरण) हवाच; त्याची किंमत खर्चात धरा. एसएसडी तर ब्लॉकरलाही जुमानत नाही. वीज मिळाली की तिचा कंट्रोलर ट्रिम झालेले (फाइल पुसल्यावर रिकामे म्हणून नोंदलेले) ब्लॉक आतल्या आत पुसू शकतो, मग पुसलेल्या फाइली परत मिळण्याची आशा कमीच.

‘क्रिएट डिस्क इमेज’मध्ये ‘फिजिकल ड्राइव्ह’ निवडा. ‘लॉजिकल’मध्ये एकच पार्टिशन येतं. ई०१ प्रकार (डिस्कच्या मजकुरासोबत प्रतीचा तपशीलही साठवणारी फाइल), १५०० एमबीचे तुकडे, कॉम्प्रेशन ६ हे ठीक. ‘व्हेरिफाय’ची खूण काढू नका. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला पावणेतीन तास, पडताळणी वेगळी.

शेवटी एमडी५ आणि एसएचए-१ या दोन पद्धतींनी (अल्गोरिदमनी) काढलेले हॅश, म्हणजे मजकुराचे बोटांच्या ठशांसारखे आकडे, मिळतात. ते तिथल्या तिथे पंचनाम्यात उतरवा. जालन्याच्या निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जुन्या पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब चं प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं (मूळ उपकरणच हजर केलं तर गोष्ट वेगळी). आता १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे आणि त्याच्या प्रमाणपत्रात हॅश व अल्गोरिदम दोन्ही भरायचे असतात. इथे घोटाळा होतो तो असा: कुणीतरी ई०१ फाइलवरच सर्टयुटिल (विंडोजमधली हॅश काढणारी आज्ञा) चालवतो आणि तो आकडा लिहितो. तो हॅश फाइलच्या वेष्टनासकट आलेला असतो, डिस्कमधल्या मजकुराचा नसतो. इमेजरच्या अहवालातल्या आकड्याशी तो जुळणार नाही, आणि उलटतपासणीत बचावाचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवेल.

संगणक चालू असेल आणि बिटलॉकर (डिस्क कूटबद्ध करणारी विंडोजची सोय) असेल, तर बंद करू नका; नंतर किल्लीशिवाय मजकूर वाचता येणार नाही. पेनड्राइव्हवरून इमेजर चालवून आधी ‘कॅप्चर मेमरी’ (रॅममधल्या मजकुराची प्रत), मग उघड्या ड्राइव्हची लॉजिकल प्रत. यात त्या संगणकात थोडा बदल होतोच. वेळेसकट लिहून ठेवा.

मोबाइलसाठी याचा उपयोग नाही. शोधाशोधीसाठी ई०१ ऑटॉप्सी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडा. तेही मोफतच आहे.