तिसरीच्या ट्यूशनचे आठ महिने: काय भरलं, काय नाही

थोरलीसाठी शाळा निवडताना आम्ही इमारत बघितली, गॅदरिंग बघितलं आणि आमच्या साताऱ्यातल्या शाहूपुरीतली बाकीची पोरं कुठल्या व्हॅनमध्ये बसतात ते बघितलं. वर्गात किती मुलं, हे विचारायचं सुचलंच नाही. ४८ आहेत. आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात, प्राथमिकला ३० मुलांमागे एक शिक्षक सांगितलाय, हे आम्हाला फी भरून झाल्यावर कळलं.

तिसरीच्या पहिल्या चाचणीचा पेपर घरी आला. ३०२ वजा १४७, उत्तर २४५. ‘असं कसं गं?’ विचारलं, तर म्हणाली, ‘शून्यातून चार जात नाहीत ना, म्हणून चारातून शून्य काढला.’

वर्गशिक्षिकेनं स्वतःच्याच ट्यूशनला पाठवायला सुचवलं. नोकरीतल्या शिक्षकांना खाजगी शिकवणीची मनाई आहे, त्याच २००९ च्या कायद्यात, कलम २८. पण नाही म्हटलं तर वर्गात पोरीकडे कोण बघणार, या धास्तीनं दोन महिने पाठवलं. तिथं वीसेक मुलं गृहपाठ उतरवायची. वह्या चकाचक, पण वजाबाकी होती तिथंच.

दिवाळीनंतर करंज्यात झेडपीच्या निवृत्त बाई सापडल्या. पाचच मुलं, महिना ७०० रुपये. पहिल्याच दिवशी पुस्तक मिटायला लावलं आणि आइस्क्रीमच्या काड्या काढल्या. दहाचे गठ्ठे, दहा गठ्ठ्यांचा शंभराचा जुडा. ३०२ मधून सात काढायचे तर आधी जुडा सोडायचा, मग त्यातला एक गठ्ठा सोडायचा. पोरीनं गठ्ठ्याचं रबर स्वतः काढलं. दुसरीचा अभ्यास पुन्हा घेतला म्हणून आमच्या सासूबाई नाराज होत्या, पण जानेवारीपर्यंत हातचा पक्का झाला. मध्येच ‘एकोणसाठ म्हणजे किती?’ हाही घोळ निघाला, तिला फिफ्टी नाईनच माहीत!

इंग्रजीचं मात्र जमलं नाही. धडा धडाधड वाचते, पण त्यात काय झालं ते सांगता येत नाही. बाई स्पष्ट म्हणाल्या, ‘गणित मागं जाऊन भरून काढता येतं हो. भाषेसाठी दिवसभर कुणीतरी तिच्याशी बोलायला पाहिजे. माझ्याकडं एक तास असतो.’

यंदा धाकट्याच्या पहिलीसाठी फिरताना सगळीकडं एकच मागितलं: तिसरीच्या दोन वह्या दाखवा. एका ठिकाणी माहितीपत्रक पुढं केलं. नगरपालिकेच्या शाळेत बाईंनी कपाटातून गठ्ठाच काढून दिला. चुकलेल्या प्रत्येक गणिताखाली तेच गणित पुन्हा सोडवून घेतलेलं. वर्गाचा पट २७. फॉर्म तिथंच भरलाय. थोरलीला तिथं हलवायचं का, यावर घरात अजून एकमत नाही.