फोर्जेयो काही महिने वापरल्यावर: सॉफ्टवेअर चोख, भाऊबंदकी समजून घ्या

फोर्जेयो म्हणजे गिटहबसारखं, पण स्वतःच्या सर्व्हरवर चालवायचं, कोड ठेवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर. आमच्या छोट्या टीमचा कोड काही महिने त्यात आहे. आधी त्याच जातकुळीतलं गिटी होतं. रोजच्या वापराबद्दल फार लिहिण्यासारखं नाही: चालवायला एकच फाइल (बायनरी), मेमरी बेताची, इश्यू (चुका-कामांच्या नोंदी) आणि पुल रिक्वेस्ट (कोडमधल्या बदलांचे प्रस्ताव) जशा हव्यात तशा. तक्रार नाही.

खरी गोष्ट घराण्याची आहे. गॉग्स या मूळ सॉफ्टवेअरमध्ये सगळे निर्णय एकाच माणसाच्या हाती, म्हणून २०१६ मध्ये काही जण वेगळे झाले आणि गिटी निघालं. ऑक्टोबर २०२२ मध्ये गिटीचं डोमेन आणि ट्रेडमार्क एका नफ्यासाठीच्या कंपनीकडे गेल्याचं जाहीर झालं. कोड लिहिणारे बरेच जण भडकले आणि गिटीच्याच कोडवरून फोर्जेयो जन्मलं, कोडबर्ग या जर्मनीतल्या ना-नफा संस्थेच्या आश्रयाने. २०२४ च्या सुरुवातीला गिटी आणि फोर्जेयोचे कोड कायमचे वेगळे झाले. आवृत्ती ९ पासून फोर्जेयोचं लायसन्स जवळजवळ काहीही करू देणाऱ्या एमआयटीऐवजी जीपीएल, म्हणजे बदललेला कोड वाटला तर त्याच अटींवर खुला ठेवायला लावणारं. म्हणजे गिटीतली दुरुस्ती इकडे घेता येते, इकडची तिकडे मात्र लायसन्स न बदलता नेता येत नाही. एका घराचे तीन उंबरे!

आपल्याला काय त्याचं? बरंच काही. गिटी १.२२ पर्यंतचा डेटाबेस फोर्जेयो १० वर सरळ चढतो. १.२३ पासून ती वाट बंद. आम्ही त्याआधीच हललो म्हणून एका संध्याकाळीत काम उरकलं.

वर्कफ्लोमध्येही, म्हणजे कोड आपोआप तपासून बिल्ड करणाऱ्या पायऱ्यांच्या यादीतही, हाच दुरावा. त्यात ॲक्शनचं, म्हणजे आयत्या पायरीचं, नुसतं नाव लिहिलं की गिटी ती मुळात गिटहबवर शोधतं, फोर्जेयो आपल्या प्रकल्पाच्या ऑनलाइन साठ्यात. चेकआउटसारख्या (कोड उतरवून घेणाऱ्या) नेहमीच्या ॲक्शन तिथे मिळतात, बाकीच्यांना पूर्ण पत्ता द्यायचा. सेटिंगमधली एक ओळ बदलून जुनी पद्धत ठेवता येते. आम्ही नाही बदलली. गिटहबसारख्या मोठ्या कंपनीचं छत्र नको म्हणून वेगळा सर्व्हर थाटायचा आणि प्रत्येक बिल्डला गुपचूप तिच्याच दारात जायचं, हे मला पटत नाही. टीममधली एक जण म्हणते, “मला कोड पुश करायचाय, चळवळीत नाव नोंदवायचं नाही.” तिचंही खोटं नाही, ते पत्ते तीच लिहीत बसली होती.

नव्याने सुरू करत असाल तर डोळे झाकून फोर्जेयो घ्या. गिटी १.२३ किंवा पुढचं सुरळीत चालू असेल तर निव्वळ तत्त्वासाठी हलण्याआधी हिशेब करा: रिपॉझिटरी (प्रकल्पांचे कोडसाठे) इश्यूंसकट एकेक करून आणता येतात, पण युजर आणि परवानग्या नव्याने लावाव्या लागतात.