सरूच्या कुळात प्रबंधाचा विषय शोधताय? वलयं, पाणी की जनुकं

‘क्युप्रेसेसीवर, म्हणजे सरूच्या कुळावर, काम करायचंय’ इतकंच ठरलं असेल, तर अजून काहीच ठरलेलं नाही. तीसच्या आसपास प्रजाती (जीनस), सव्वाशेहून जास्त जाती (स्पीशीज), आणि अंटार्क्टिका सोडून प्रत्येक खंडावर कोणी ना कोणी हजर. दलदलीत पाण्यात पाय सोडून उभं राहणारं बाल्ड सायप्रस याच कुळातलं आणि ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या टापूतलं कॅलिट्रिसही याच कुळातलं. (मराठीत बरेच जण ‘सुरू’ म्हणतात ते कॅज्युरिना. ते सपुष्प झाड आहे, या घरातलं नाही.)

निवड खरं तर झाडाची नसतेच, प्रश्नाची असते. तीन वाटा आहेत, आणि तिन्हींचं वेळेचं गणित वेगळं आहे.

पहिली वाट वलयांची, म्हणजे खोडात दरवर्षी पडणाऱ्या वाढीच्या कड्यांची. सगळ्यात जास्त भुरळ हीच घालते, कारण आकडे छाती दडपवणारे आहेत. नॉर्थ कॅरोलायनातल्या ब्लॅक नदीकाठच्या एका बाल्ड सायप्रसची वलयं किमान २,६२४ वर्षं मागे जातात, असं २०१९ साली प्रसिद्ध झालं. चिलीतल्या अलेर्से या याच कुळातल्या झाडाची ३,६२२ वलयं १९९३ मध्येच मोजून झाली होती. आणि २०१२ मध्ये फुसा मियाके यांनी जपानच्या याकू बेटावरच्या दोन सुगी (जपानी सीडर) वृक्षांच्या वलयांत दाखवलं, की इ.स. ७७४ ते ७७५ या एका वर्षात कार्बन-१४ या किरणोत्सारी कार्बनचं प्रमाण सुमारे १.२ टक्क्यांनी उसळलं होतं. सूर्याकडून आलेल्या कणांचा प्रचंड मारा हे त्याचं आज सर्वाधिक मान्य असलेलं कारण. म्हणजे झाडाच्या लाकडात सूर्याचा इतिहास सापडला. असं वाचलं की कोणीही बोअरर (खोडातून लाकडाची बारीक कांडी काढायचं गिरमिट) उचलून निघेल.

पण बोअररने काढलेला नमुना पेन्सिलीहून बारीक असतो. तो लाकडी खाचेत चिकटवायचा, एकाहून एक बारीक सँडपेपरने घासायचा, पेशी स्वच्छ दिसू लागल्या की सूक्ष्मदर्शकाखाली मोजायला बसायचं. आणि इथे हे कुळ छळतं. याच कुळातल्या जुनिपरमध्ये तर एका वर्षात दोन वलयांचा भास होतो आणि वाईट वर्षी खोडाच्या एका बाजूला वलय पडतच नाही. म्हणून नुसतं मोजून भागत नाही. अनेक झाडांतली रुंद-अरुंद वलयांची नक्षी एकमेकींशी जुळवत प्रत्येक वलयाला वर्ष लावावं लागतं, आणि एक वलय चुकलं तर त्याच्या आतलं सगळं एका वर्षाने सरकतं. शिवाय अलेर्से साइट्सच्या (दुर्मीळ जीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे नमुना देशाबाहेर न्यायचा तर कागदपत्रांतच एक मोसम जातो. आधीच जमवलेले नमुने ज्या प्रयोगशाळेत पडून आहेत तिथे जागा मिळत असेल तर ही वाट सोन्याची. शून्यापासून सुरुवात असेल तर तीन वर्षांत उरकण्याची आशा धरू नका.

दुसरी वाट पाण्याची, आणि माझा कल उघडपणे इकडे आहे. दुष्काळात खोडातल्या पाण्याच्या स्तंभावर ताण येतो, ताण फार वाढला की आत हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी बाद होते. निम्मी वहनक्षमता ज्या ताणाला जाते तो आकडा जातीजातीचा वेगळा. २०१५ मध्ये कॅलिट्रिस ट्युबरक्युलाटासाठी तो उणे १८.८ मेगापास्कल (दाबाचं एकक; उणे म्हणजे ओढ) निघाला, तोवर मोजलेल्या झाडांतला विक्रमच. याउलट बाल्ड सायप्रस आणि मेटासेकोया ही ओल्या जागेची जुनी घराणी फार लवकर हात टेकतात. एकाच कुळात इतकी दोन टोकं असल्यामुळे कोरडं सोसण्याची ताकद उत्क्रांतीत कशी आली, हे तपासायला याहून चांगलं साहित्य सापडणं कठीण.

सोय आणखी एक. फांदीचा तुकडा सेंट्रीफ्यूजमध्ये फिरवून हा ताण निर्माण करतात. लांब वाहिन्यांच्या सपुष्प झाडांत फांदी कापली की दोन्ही तोंडांना उघड्या वाहिन्या राहतात आणि आकडे फसवे येतात, त्यावर वाद अजून मिटलेले नाहीत. सूचिपर्णींच्या वाहिनिका (पाणी नेणाऱ्या आखूड, बंद तोंडाच्या पेशी) जेमतेम काही मिलिमीटर लांबीच्या, म्हणून तो घोळ जवळपास टळतो. वनस्पती उद्यानातली फांदी पहाटे कापा, ओल्या कापडात गुंडाळा, आठवड्याभरात आलेख हातात. हजार वर्षांचं झाड लागत नाही.

तिसरी वाट जनुकांची. इथे दोन झाडं शेजारी ठेवून बघा. जायंट सेकोयाचा जीनोम, म्हणजे सगळा डीएनए मिळून, सुमारे ८ अब्ज अक्षरांचा, तो २०२० मध्ये जुळवून झाला. चुलत भाऊ कोस्ट रेडवुडचा साडेसव्वीस अब्जांचा, माणसाच्या जवळपास नऊपट, आणि गुणसूत्रांचे सहा संच. एकाच जनुकाच्या सहा प्रती वेगळ्या करताना संगणक आणि संशोधक दोघेही दमतात. मोठ्या गटात शिरायला मिळणार असेल तरच रेडवुड घ्या. एकट्याने करायचं तर सुगी बरा. जपानात त्याची सुमारे ४४ लाख हेक्टर लागवड आहे, त्याच्या परागकणांची ॲलर्जी हा तिथे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न आहे, आणि १९९२ मध्ये तोयामात पराग न बनवणारं झाड सापडल्यापासून त्या वंध्यत्वामागच्या जनुकांवर काम चालू आहे. विषयाला मागणी आहे, पण गर्दीही आहे.

गर्दी नको आणि विस्मय हवा, तर तस्सिली सायप्रस. अल्जीरियाच्या सहारात याची मोजून २३३ झाडं नोंदली गेली. याच्या परागात गुणसूत्रांचे दोन्ही संच असतात आणि गर्भ एकट्या परागातून तयार होतो. आईचं जनुकीय योगदान शून्य, ती फक्त पोसते. हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा भूमध्य सरूला सरोगेट आई करून तिच्या बियांतून तस्सिलीची रोपं उगवल्याचंही दाखवलं गेलं. नवा संशोधक इथे थोड्या साहित्यातही खोल जाऊ शकतो. अडचण एकच, झाडं दुर्मीळ, म्हणून ज्या संस्थेच्या रोपवाटिकेत ती आहेत तिचा होकार आधी मिळवायचा आणि मगच विषय नोंदवायचा.

रसायनं आणि रोग यांबद्दल थोडक्यात. सात कार्बनांचं कडं असलेलं हिनोकितिओल हे या कुळाच्या लाकडातलं द्रव्य १९३० च्या दशकात तेत्सुओ नोझोए यांच्या हाती लागलं, तेव्हापासून लाकूड न कुजण्याच्या रसायनावर भरपूर काम झालं आहे. तिथे नवी जागा शोधावी लागेल. रोगाचं मात्र जपून. अलास्कातले नूटका सायप्रस वाळत होते तेव्हा कैक वर्षं बुरशी, किडे असे संशयित तपासून सोडावे लागले. शेवटी कारण निघालं ते बर्फ कमी पडण्याचं. वरचं पांघरूण गेलं आणि उथळ मुळं वसंतातल्या थंडीत गोठली. अशी उत्तरं प्रबंधाच्या मुदतीत येत नाहीत.

याच नूटकामुळे एक व्यावहारिक सूचना. त्याला कॅमीसायपॅरिस, झँथोसायपॅरिस, कॅलिट्रॉप्सिस आणि क्युप्रेसस या चारही नावांनी संशोधन प्रसिद्ध झालेलं आहे. बाल्ड सायप्रस, सुगी, सेकोया यांचं पूर्वी टॅक्सोडिएसी हे वेगळं कुळच होतं. जुने निबंध शोधताना सगळी नावं टाकून बघा, नाहीतर ‘यावर कोणी काम केलेलं नाही’ असं लिहाल आणि तोंडी परीक्षेत परीक्षक १९७० सालचा निबंध काढून समोर ठेवतील.